खर्ज

कार्यक्रम संपला म्हणजे रंगमंचाखाली दहा-वीस माणसे घुटमळत उभी असतात. त्यांतली काही धीर करून वर येतात. गाणाऱ्याशी हस्तांदोलन करतात, लीड गिटार वाजवणाऱ्याच्या बोटांकडे भाविकपणे पाहतात, ड्रमवाल्याच्या घामेजल्या पाठीवर थाप मारतात. आणि मग माझ्यापाशी येऊन जराशी थबकतात. माझ्या हातातल्या वाद्याकडे पाहतात, माझ्या तोंडाकडे पाहतात, आणि अगदी मनापासून, मोठ्या सौजन्याने विचारतात, "आणि तुम्ही काय वाजवता?"

या प्रश्नाचा मला आता राग येत नाही. पहिली काही वर्षे येत असे. पाव शतकाहून अधिक काळ मी मुंबईतल्या आणि उपनगरांतल्या रॉक बँडांतून बेस गिटार वाजवत आलो आहे, आणि एवढ्या काळात राग कधीतरी झिजतोच. बँड म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे वरातीतला बँड उभा राहिला असेल, तर त्याबद्दलही माझी तक्रार नाही. माझ्या आत्याची अखेरपर्यंत अशीच समजूत होती. दर दिवाळीला ती मला विचारायची, "तुला तो लाल डगला कधी मिळायचा रे?" मी म्हणायचो, "आत्या, नोकरी पक्की झाली की." तिला बरे वाटायचे.

तर मी काय वाजवतो, ते आधी सांगितले पाहिजे. साध्या गिटारीला सहा तारा असतात. माझ्या वाद्याला चार. पण त्या चांगल्या जाडजूड, आणि मान लांबलचक. तारेचा वाजता भाग चौतीस इंचांचा. सर्वांत जाड तार छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. माणसाचा कान ज्याला सूर म्हणून ओळखतो, त्या प्रदेशाच्या अगदी तळघरातला हा सूर. पूर्वी हे काम माणसापेक्षा उंच अशा डबल बेस नावाच्या वाद्याकडे असे. ते प्रवासात न्यायचे म्हणजे घरातल्या एखाद्या स्थूल वडीलधाऱ्याला सोबत नेल्यासारखेच. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर याने विजेवर चालणारे, गळ्यात अडकवता येईल असे बेस गिटार बाजारात आणले, आणि वडीलधाऱ्यांची सुटका झाली. आपल्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांतही ते आहे. तेच गाणे एकदा चांगल्या मोठ्या स्पीकरवर ऐकावे आणि एकदा मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकावे. दुसऱ्या वेळी गाण्यातून जे काहीतरी हरवले असे वाटते, पण काय हरवले ते सांगता येत नाही, ते मी वाजवतो.

मी ते पहिल्यांदा ऐकले १९९६ साली, रंगभवनात. धोबी तलावाजवळचे, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचे हे खुले नाट्यगृह म्हणजे त्या काळी मुंबईच्या रॉकवाल्यांचे पंढरपूर होते. १९८६ साली सुरू झालेला 'इंडिपेन्डन्स रॉक' हा जलसा तिथेच भरायचा, आणि गावोगावची कॉलेजची पोरे काळे सदरे घालून तिथे लोटायची. मी सतरा वर्षांचा होतो. लालबागच्या चाळीतला, मराठी शाळेतला. इंग्रजी गाण्यातले चार शब्ददेखील धड कळत नव्हते. भायखळ्याचा एक मित्र ओढून घेऊन गेला म्हणून गेलो. पुढचे लोक डोकी हलवत होते आणि मला काही दिसत नव्हते. तेवढ्यात माझ्या छातीत काहीतरी हलले. कानात नव्हे, छातीत. बरगड्यांच्या आत कोणी माणूस जिना उतरून यावा, तसे काही सूर एकामागून एक खाली उतरत होते. मी मित्राला विचारले, "हे कोण वाजवतंय?" त्याने बोट दाखवले. रंगमंचाच्या एका कडेला, दिव्यांच्या झोतापासून दूर, एक किडकिडीत माणूस जमिनीकडे पाहत उभा होता. त्याच्याकडे दुसऱ्या कोणाचेच लक्ष नव्हते.

पुढल्या वर्षी आम्ही पाच मित्रांनी बँड काढला, तेव्हा मी मोठ्या निष्ठेने बेस निवडला असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. मलाही लीड गिटारच वाजवायचे होते. पण वाटणीच्या दिवशी मला यायला उशीर झाला, आणि गैरहजर माणसाच्या वाट्याला घरात जे येते ते माझ्या वाट्याला आले. पुढे वाचनात आले की बीटल्समधला पॉल मॅकार्टनी १९६१ साली बेसकडे वळला, तोही काही हौसेने नव्हे. बेस वाजवणारा त्यांचा मित्र जर्मनीतच राहिला, आणि बाकीचे कोणी ते गळ्यात घेईनात. हे वाचून मला फार धीर आला. जगातले बरेचसे बेस वाजवणारे त्या दिवशी उशिरा आलेले असावेत.

वाद्य मिळाले तेही धोबी तलावालाच. तिथल्या जेर महाल या जुन्या इमारतीत गोव्याच्या गावांचे कूड आहेत. एकेका गावाने मुंबईत नोकरीधंद्याला येणाऱ्या आपल्या माणसांसाठी चालवलेली ही राहण्याची ठिकाणे. अशाच एका कुडात एक म्हातारे वादक राहत होते. आयुष्यभर लग्नाच्या पार्ट्यांतून त्यांनी बेस वाजवला होता. हात थरथरू लागल्यामुळे त्यांनी आपले वाद्य काढले होते. किंमत बावीसशे रुपये. माझ्यापाशी होते सहाशे. म्हाताऱ्याने ते मोजून घेतले, वाद्य माझ्या गळ्यात घातले आणि म्हणाला, "बाकीचे महिन्याला शंभर-शंभर आणून दे. पण पैसे घेऊन आलास की इथे बसून वाजवून दाखवायचं."

सोळा महिने मी त्या कुडात जात होतो. माझे शिक्षण म्हणाल तर तेवढेच. मी चांगली धावती, नक्षीदार बोटे दाखवू लागलो की अंकल डोळे मिटून घ्यायचे. एकदा म्हणाले, "पुता, भरपूर वाजवणारे भरपूर आहेत. तू जागा ठेव. गाणारा पाय कुठे ठेवणार? तू जिथे ठेवशील तिथे." त्यांनीच मला डेट्रॉइटच्या जेम्स जेमर्सनची गोष्ट सांगितली. मोटाउन कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत हा माणूस उजव्या हाताच्या एकाच बोटाने बेस वाजवत असे. त्या गाण्यांवर जग नाचले, पण त्या कंपनीच्या तबकडीच्या वेष्टनावर त्याचे नाव मानाने छापून आले ते १९७१ साली. दशकभर तो बिननावाचाच वाजवत होता. अंकल म्हणाले, "माझं नाव तर कुठल्याच लग्नाच्या पत्रिकेत नव्हतं." आणि मोठ्याने हसले.

वाद्य घरी आणले त्या संध्याकाळी दादा, म्हणजे माझे वडील, खोलीच्या दारात बसले होते. दादा गिरणीत साळखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी अडीच-तीन वर्षांचा होतो. त्या संपात जे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले दादा एक; आणि जे पुन्हा आत गेले नाहीत, त्यांतलेही एक. पुढे ते एका इमारतीवर रात्रीचे वॉचमन झाले. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिले.

"काय हाय रं ह्ये?"

"बेस आहे, दादा."

"गातूस का त्याच्यावर?"

"नाही. गाणारा दुसरा आहे. मी मागं उभा राहून वाजवतो."

दादा काही बोलले नाहीत. आपल्या पानाच्या डब्याकडे वळले. त्यांच्या त्या न बोलण्याचा अर्थ मी त्या वयाला साजेसा लावला. संपाने घर बसले, थोरल्या बहिणीचे लग्न कर्ज काढून झाले, आणि पोरगा मॅट्रिक होऊन गळ्यात हे लाकूड अडकवून आला. कोणता बाप खूश होईल? त्यानंतर पंधरा वर्षे दादांनी माझ्या वाजवण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. माझ्या एकाही कार्यक्रमाला ते आले नाहीत. मीही बोलावले नाही.

विजेचे वाद्य अ‍ॅम्पशिवाय वाजवले तर जवळजवळ मुकेच असते. अ‍ॅम्पला पैसे नव्हते. आणि असते तरी दहा बाय बाराच्या खोलीत, रात्री अकरा वाजता, पलीकडे पातळ भिंत असताना तो लावणार कोण? मग मला एक युक्ती सापडली. आमच्या खोलीत आईच्या माहेरून आलेले एक सागवानी कपाट होते. बेसच्या मानेचे टोक त्या कपाटाच्या बाजूला टेकवले की तारेचे कंपन लाकडात उतरायचे आणि सगळे कपाट हळूच गुणगुणू लागायचे. बाहेर कोणाला ऐकू जात नसे. मला मात्र खांद्यातून आणि हनुवटीतून ऐकू यायचे. कितीतरी रात्री मी कपाटाला टेकून बसलो आहे. कपाटाच्या दुसऱ्या अंगाला जमिनीवर दादांचे अंथरूण असे. त्यांची सुटीची रात्र असली की ते भिंतीकडे तोंड करून निजलेले असायचे. त्यांना त्रास होऊ नये म्हणून मी हलक्या हाताने वाजवायचो. चुकलो की थांबायचो, कानोसा घ्यायचो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो.

यानंतरच्या दहा-बारा वर्षांची हकीकत सांगू लागलो तर हा अंक पुरणार नाही. आणि खरे सांगायचे तर ती सगळ्या लहान बँडांची सारखीच असते. आमच्या बँडांची नावे सांगत नाही. बारा वर्षांत सात नावे झाली. बँड मोडायला फार मोठे कारण लागते असे नाही. एकाचे लग्न ठरते. दुसरा दुबईला जातो. तिसऱ्याला बंगलोरला संगणकाची नोकरी लागते, आणि स्टेशनवर निरोप देताना तो सांगतो की महिन्यातून एकदा तालमीला येत जाईन. चौथा एका गाण्याच्या शेवटावरून भांडून जातो आणि पुन्हा तोंड दाखवत नाही. उरलेले दोघे चहा पिता पिता नवे नाव शोधतात. त्या दोघांत मी नेहमी असे. गाणारे आणि लीडवाले दुसरीकडे मागणी आली की जातात. बेसवाल्याला मागणी कमी, म्हणून त्याची निष्ठा जास्त. यात माझा काही मोठेपणा नाही.

वाजवायला जायचे म्हणजे लोकलने. खांद्यावर बेस, हातात अ‍ॅम्प, आणि बसायला लगेजचा डबा. भाजीचे हारे, डबेवाल्यांच्या फळ्या आणि मासळीच्या पाट्या यांच्यामध्ये माझे ते लांबडे काळे खोके आडवे पडलेले असे. एकदा भाईंदरच्या एका मावशींनी ते पायाने सरकवून विचारले, "मेला काय ह्याच्यात, बंदूक?" मी म्हटले, "वाद्य आहे, मावशी." त्या म्हणाल्या, "मग वाजव की!" अ‍ॅम्पशिवाय ते वाजत नाही हे मी समजावून सांगितल्यावर त्या सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघा बाय, न वाजणारं वाद्य घेऊन फिरतो!" बेसवर लिहिली गेलेली याहून अचूक टीका मी आजवर वाचलेली नाही.

कॉलेजांचे महोत्सव, वांद्र्याच्या चर्चमधल्या जत्रा, वसईची लग्ने, गणपतीतला ऑर्केस्ट्रा. जिथे बोलावतील तिथे जायचे. मिळालेले पैसे परतीच्या टॅक्सीला पुरले तर तो कार्यक्रम फायद्यात गेला असे आम्ही समजत असू. तालमीच्या खोल्या ताशी भाड्याने मिळत. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, पंखा बंद, आणि घड्याळाकडे पाहत दारात उभा राहिलेला पुढचा बँड. इकडे रंगभवनही गप्प झाले. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांततेचा ठरला, आणि रंगभवनाच्या आजूबाजूला तर या तीनही गोष्टी होत्या. नियम चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. आजाऱ्याला झोप हवीच. पण त्या कमानीवरून जाताना अजूनही माझी छाती क्षणभर वाट पाहते.

मग संगीत गिरणगावात शिरले. परळच्या गिरण्यांच्या आवारांत काचेच्या इमारती उठल्या, हॉटेले आली, आणि जुन्या छपरांखाली गाण्याबजावण्याच्या जागा झाल्या. २००७ नंतर मथुरादास मिलच्या आवारात देशोदेशीचे वादक येऊन वाजवू लागले. आम्हीही एकदा अशाच एका जुन्या गिरणीच्या छपराखाली वाजवले. दादांची गिरणी ती नव्हे. पण तसेच उंच छप्पर, तसेच लोखंडी खांब. घरी येऊन मी आईला सांगितले. दादा ऐकत असावेत. त्यांनी एवढेच विचारले, "साचे हाललेत का तिथनं?" मी म्हटले, "केव्हाच." त्यांनी मान हलवली.

दादांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. ते आमच्या चाळीतल्या भजनी मंडळाचे वीणेकरी होते. दर एकादशीला मारुतीच्या देवळात भजन व्हायचे. बुवा गायचे, पखवाज घुमायचा, टाळकरी नाचायचे, आणि या सगळ्यांच्या मधोमध दादा गळ्यात वीणा घालून उभे असायचे. ते गात नसत. एक तार, तोच सूर, तीच चाल, रात्रभर. लहानपणी मला याचा कंटाळा यायचा. मित्राचे वडील पखवाज वाजवत, त्यांचा मला हेवा वाटे.

दहा वर्षांचा असताना आम्ही सातारकडे आमच्या गावी सप्ताहाला गेलो होतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जायची, आणि तिचा सूर रात्रीही तुटू द्यायचा नाही, हा सप्ताहाचा नेम. माणसे पाळीपाळीने पहाऱ्याला उभी राहतात. दादांचा पहारा पहाटे दोन ते चार. मला जाग आली तेव्हा देवळात सगळे आडवे पडले होते. समईच्या उजेडात दादा एकटेच उभे राहून वीणा छेडत होते. ऐकायला कोणी नव्हते. सकाळी मी विचारले, "दादा, सगळे झोपले होते, मग कोणासाठी वाजवत होता?" दादा म्हणाले, "बंद पडू ने म्हणून." मला ते उत्तर वाटले नाही. मी खेळायला गेलो.

आता माझ्या मानभंगाची गोष्ट. २०१० साली आमच्या त्या वेळच्या बँडने स्वतःची चार गाणी ध्वनिमुद्रित करायचे ठरवले. तेरा वर्षांत पहिल्यांदाच आमचे काही टिकणार होते. वर्गणी काढली, स्टुडिओ घेतला, आणि दोन रात्री जागून मी माझा भाग वाजवला. अंकल तोवर वारले होते. पण मी वाजवत होतो ते त्यांना दाखवण्यासाठीच. महिन्याभराने तबकडी हातात आली. घरी येऊन लावली. पहिलेच गाणे सुरू झाले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. त्यात बेस होता, पण माझा नव्हता. सूर तेच, पण घड्याळासारखे नेटके. कुठे बोट सरकल्याचा आवाज नाही, कुठे श्वास नाही. चारही गाण्यांत माझे वाजवणे काढून त्या जागी संगणकावर तयार केलेला बेस बसवला होता.

मी मित्राला फोन केला. तो गोंधळला, मग म्हणाला, "अरे, दोन जागी लय हलत होती. वेळ नव्हता. शिवाय कोणाला कळणार आहे?"

कोणाला कळणार आहे! वाईट या गोष्टीचे वाटले की तो खोटे बोलत नव्हता. तबकडी पुष्कळांनी ऐकली. माझ्या सौभाग्यवतीनेही ऐकली. कोणाच्याही लक्षात आले नाही. मी बेस खोक्यात घातला आणि माळ्यावर टाकला. तोवर आम्ही डोंबिवलीला राहायला आलो होतो. आईदादा माझ्यापाशीच होते, आणि आईच्या हट्टापायी ते सागवानी कपाटही टेम्पोत बसून आले होते.

दीडएक वर्ष गेले. दादांचे कान त्या सुमारास पार गेले. आयुष्याची पंचवीस वर्षे साळखात्यातल्या मागांच्या खडखडाटात काढलेली. तिथे कानांत घालायला कापसाचा बोळादेखील कोणी दिला नव्हता. कानाच्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितले की गोंगाटाने काय आणि वयाने काय, पहिल्यांदा जातात ते उंच सूर. पाखरांचा आवाज जातो, टाळ जातात, बायकांचे आणि पोरांचे बोलणे जाते. खालचे सूर पुष्कळ दिवस तग धरतात. त्याप्रमाणे दादांना नातीचे बोलणे कळेनासे झाले, मग आईचे. मंडळातले टाळ आता नुसते हलताना दिसतात असे ते म्हणायचे. तरी एकादशीला लालबागला जाऊन वीणेला उभे राहायचे मात्र त्यांनी सोडले नाही.

२०१२च्या पावसाळ्यात मी बेस विकायचे ठरवले. रविवारी सकाळी गिऱ्हाईक येणार होते. आदल्या रात्री सगळे निजल्यावर मी माळ्यावरून खोके काढले, वाद्य पुसले, तारा लावून पाहिल्या. अ‍ॅम्प केव्हाच गेला होता. सवयीने, काही न ठरवता, मानेचे टोक कपाटाला टेकवले आणि अंकलनी शिकवलेला पहिला धडा वाजवू लागलो. कपाट गुणगुणू लागले. त्याला लागून दादांची खाट होती.

दादा उठून बसले.

मी थांबलो. ज्या माणसाला कानाशी तोंड नेऊन ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, तो कशाने जागा झाला हे मला कळेना. त्यांनी अंधारात हात पुढे केला आणि तळवा कपाटावर ठेवला.

"थांबलास का?" ते म्हणाले. "ह्ये कपाट लई दिसांनी बोललं."

मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारले, "दादा, तुम्हाला कळतं?"

"न कळाय काय झालं? लालबागला माझी उशी ह्येलाच लागून असायची. तू वाजिवायचास, मी पडून ऐकायचो. रातच्या पाळीची सवय, सुटीच्या राती झोप कुठनं येनार? कपाट बोलाय लागलं की बरं वाटायचं." थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "येक खोट हुती तुझ्यात. चुकलास की थांबायचास. पहाऱ्यावरच्या मानसानं चुकावं, थांबू ने."

पंधरा वर्षे मी ज्यांना झोपलेले समजत होतो, ते जागे होते. ज्यांनी माझे एक अक्षरही ऐकले नाही अशी माझी समजूत होती, त्यांनी माझी प्रत्येक चूक ऐकली होती. मला काय बोलावे ते सुचेना, आणि बोलून त्यांना ऐकूही आले नसते. मी पुन्हा कपाटाला टेकलो. एका जागी चुकलो. थांबलो नाही. दादांचा तळवा कपाटावर तसाच होता. पुष्कळ वेळाने तो गळून खाटेवर आला, तेव्हा त्यांना झोप लागली आहे हे मला समजले. तरीही मी आणखी थोडा वेळ वाजवत राहिलो.

सकाळी गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवले. संध्याकाळी त्या मित्राला फोन केला. त्याने क्षमा मागितली नाही, आणि मीही ती मागितली नाही. "शनिवारी साडेसहाला तालीम आहे," एवढेच तो म्हणाला. मी गेलो. अजून जातो. कोणाला कळणार आहे, या त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला दिलेले नाही. पण माझ्यापुरते ते मला मिळाले आहे. कोण कुठे कपाटाला उशी लावून पडलेला असेल, याचा वाजवणाऱ्याने हिशेब करू नये. त्याने आपला सूर बंद पडू देऊ नये.

हल्ली मी कानांत रबरी बोळे घालून वाजवतो. दादांच्या कानांनी मला तेवढे शहाणपण दिले. तालमीच्या खोल्यांना आता पंखे नाहीत, वातानुकूलन आहे. आमचा नवा ड्रमवाला माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहे आणि मला 'सर' म्हणतो. त्यामुळे तो चुकला तरी मला रागावता येत नाही.

दादा २०१८ साली गेले. त्यानंतरच्या पहिल्या एकादशीला मी मंडळात सहज जाऊन बसलो होतो. भजन सुरू होण्याआधी बुवांनी इकडेतिकडे पाहिले, काही न बोलता खुंटीवरची वीणा काढली आणि माझ्या गळ्यात घातली. त्यांनी वाकून मला नमस्कार केला, मी त्यांना केला. वीणा बेसपेक्षा हलकी असते. भोपळा छातीशी येतो. तार छेडली तेव्हा बरगड्यांच्या आत ती ओळखीची जागा हलली. १९९६ साली रंगभवनात हलली होती तीच. मला वाटले होते की तो सूर मी तिथे पहिल्यांदा ऐकला. तो मी त्याआधी कितीतरी वर्षे दर एकादशीला ऐकत आलो होतो. फक्त कंटाळून ऐकत होतो.

ही दिवाळी सरली की कार्तिकी एकादशी येईल. त्या रात्री मी लालबागला असेन, आणि त्या आठवड्यातला शनिवार आमच्या बँडच्या कार्यक्रमाचा आहे. तिथे वाजवणे आटोपले की नेहमीप्रमाणे कोणीतरी माझ्याजवळ येऊन विचारील, "आणि तुम्ही काय वाजवता?" मी सांगेन, "खालचे." तो सभ्यपणाने मान हलवील आणि गाणाऱ्याकडे जाईल. त्यात वावगे काही नाही. एकादशीच्या रात्री देवळातून घरी परतणाऱ्या माणसांच्या तोंडीही बुवांचा अभंग असतो. वीणा कोणी गुणगुणत नाही.